ओटीच्या ताटातली दहाची नोट

दहा फेब्रुवारी १९७४, रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम दहा रुपये. एकच नोट. हजर माणसं सात: परदेशातून आलेली एक वयस्कर बाई, तिचा नवरा, आमच्या मुलीला मदत देणाऱ्या संस्थेचे सेक्रेटरी, त्यांचा ड्रायव्हर, माझी बायको, आमची नऊ वर्षांची मुलगी सुमन आणि मी. ठिकाण कोल्हापूर, मंगळवार पेठेतली आमची भाड्याची दीड खोली.

बायकोच्या हातात ताट होतं. ताटात तांदूळ, तांदळावर नारळ आणि खण. ती परदेशी बाईची ओटी भरायला पुढे झाली होती. सेक्रेटरींनी हात आडवा घातला. बाईकडे वळून ते इंग्रजीत काहीतरी बोलले आणि हसले. बाईंनी मान डोलावली. पर्स उघडली. दहाची नोट काढून ताटातल्या तांदळावर ठेवली आणि खण उचलून घेतला.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. सुमननं माझ्याकडे बघितलं.

मी पुढे झालो. नोट उचलली. "थँक्यू," म्हणालो.

अपमान सेक्रेटरींनी केला हे खरं. नोट मी उचलली हेही खरं. इतकी वर्षं कुणाला सांगायची वेळ आली की मी पहिलं सांगायचो आणि दुसरं गिळायचो. आज दोन्ही लिहितो.

मी सुतार आहे. शिरोलीला एका फाउंड्रीत पॅटर्न बनवतो. लोखंडाचा जो भाग ओतायचा असतो त्याचा आधी लाकडात नमुना करावा लागतो. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकूड फुटामागं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठं ठेवायचं. ते सूत चुकलं की अख्खा माल भंगारात. त्यामुळे मोजून बोलायची आणि मोजून चालायची सवय मला धंद्यानंच लावली. म्हणूनच पुढचं सांगताना जास्त लाज वाटते. मोजता येत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

दुष्काळाच्या साली मालाची मागणी आटली आणि जून ७२ मध्ये फाउंड्री बंद पडली. अकरा महिने. त्यात बायकोच्या दोन बांगड्या गेल्या. रेशनचा तांबडा मिलो, ती परदेशी ज्वारी, खाल्ली. सुमनच्या शाळेतल्या मोठ्या बाई भल्या होत्या. त्यांनी तिचं नाव संस्थेत दिलं. संस्थेचं काम असं, की परदेशातलं एकेक कुटुंब इथलं एकेक मूल पत्करायचं. महिन्याला चाळीस रुपये. दर पहिल्या रविवारी संस्थेच्या व्हरांड्यात पाकीट मिळायचं आणि महिन्यातून एकदा मुलानं पत्र लिहायचं. पत्राचं इंग्रजी ऑफिसातला कारकून करायचा. पत्ता आम्हाला कधी सांगितला नाही.

त्या अकरा महिन्यांत त्या चाळीस रुपयांनी आमची चूल पेटली. हे मी कबूल करतो. ते पैसे गरजेचे होते आणि ते घेताना मी मान खाली घातली नाही.

पत्राच्या सुरुवातीला 'पूज्य पालक' लिहायचं असं कारकुनानं सांगितलं होतं. सुमन लेखणी धरून बसली आणि मला म्हणाली, "पालक तर तुमी हाय की, बाबा."

"मग काय लिवतीस?"

तिनं आईकडं बघितलं. आई म्हणाली, "मावशी लिव्ह. लांबची भण हाय म्हणायची."

तेव्हापासून ती बाई आमच्या घरात मावशी झाली. सुमननं तिला सगळं लिहिलं. मांजराला पिल्लं झाली, पाढे पाठ झाले, रंकाळ्यावर हत्ती बघितला. बायको चुलीपुढनं सांगायची, "आईनं नमस्कार सांगितलाय म्हणून लिव्ह." सुमन लिहायची.

पेठेत चर्चा व्हायचीच. तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांना तेवढंच पाहिजे असतं.

"घे की लेका. इंग्रजांनी नेलंय, त्यातलंच माघारी आलंय समज."

"ही बाई इंग्रज न्हाय."

"गोरी हाय न्हवं? झालं तर मग."

एक म्हातारा म्हणायचा, "त्यांचं दूध बी तसलंच. पावडरीचं. पोटात गाठ धरतंय." आणि न्हाव्याच्या दुकानात मी शिरलो की ठरलेला आवाज यायचा, "काय दाजी, मेव्हणी कवा येणार इमानानं?" सगळे हसायचे. मीपण हसायचो. त्यात विष नव्हतं.

त्या पावडरीच्या दुधाचा एक रिकामा डबा आमच्या घरी होता. शाळेत दूध वाटून संपलं की डबे विकायचे, तो मी आठ आण्याला घेतला होता. खिळे ठेवायला. त्यावर इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं. फाउंड्रीतल्या स्टोअरकीपरनं एकदा मला ते वाचून दाखवलं. हा शब्द गिफ्ट, म्हणजे भेट. आणि खालची ओळ, विकण्यासाठी नाही. पुढं ही अक्षरं मला ओळखू यायला लागली. हा डबा ध्यानात ठेवा.

मे ७३ मध्ये फाउंड्री सुरू झाली. जूनमध्ये पहिला पूर्ण पगार हातात आला. तीनशे दहा रुपये. जुलैपासून मला मदत घ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. जुलैच्या पहिल्या रविवारी मी सेक्रेटरींना तसं सांगितलं. ते वकील होते, मोठ्या घरचे, गाडीतून यायचे. संस्थेचं काम बिनपगारी करायचे आणि ते बिनपगारी आहे हे दर पाकिटाच्या रविवारी सांगायचे.

मी म्हणालो, "साहेब, मला काम लागलंय."

ते म्हणाले, "तुम्हाला कुणी विचारलं का? चाळीस मुलांची यादी तिकडे गेलेली आहे. एक नाव खोडलं की शंभर प्रश्न येतात. गप घ्या आणि चला."

मी गप घेतलं आणि चाललो. खरं तर मला तेच ऐकायचं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं, "मी बोललो, त्यांनीच ऐकलं न्हाई." ती म्हणाली, "एकदाच बोललासा?" दिवाळीला एक जुना रेडिओ घेतला. भिंतीवर घड्याळ आलं. सुमनला फ्रॉक आणि चपला आल्या. पाकीट येतच राहिलं.

आणि फेब्रुवारीत निरोप आला की मावशी येणार.

नऊ तारखेला, शनिवारी दुपारी, सेक्रेटरी आमची खोली बघायला आले. दारातच उभे राहिले. चपला काढल्या नाहीत. एकेक वस्तूकडे बोट दाखवत गेले.

"रेडिओ नको. घड्याळ नको. ही सायकल कुणाची? बाहेर ठेवा. लांब. हे स्टीलचे डबे कशाला? फळीच काढा ती. मुलीला जुना फ्रॉक घाला. चपला नकोत."

मी म्हणालो, "साहेब, हे सगळं कष्टाचं हाय."

"मी कुठं चोरीचं म्हणतोय? पण ती माणसं सात समुद्र ओलांडून गरीब बघायला येतायत. गरिबानं गरीब दिसावं. त्यात लाज कसली?"

मग त्यांचं लक्ष खिळ्यांच्या डब्याकडे गेलं. त्यांनी तो चपलेच्या टोकानं पुढे सरकवला. "हा असू दे. हा बरा दिसतो."

जाताना म्हणाले, "चहा-पाणी काही करू नका. तुमच्याकडचं पाणी त्यांना चालत नाही."

आतून बायकोचा आवाज आला, "भण पयल्यांदा घरला येणार, आन् पानी बी न्हाई?"

सेक्रेटरींनी ते ऐकलं नाही. ऐकलं असेल तर उत्तर देण्याजोगं त्यांना वाटलं नाही.

ते गेल्यावर मी कामाला लागलो. रेडिओ आणि डबे शेजाऱ्यांकडे ठेवले. सायकल तालमीत नेऊन लावली. फळी मी स्वतः बसवली होती, ती स्क्रू काढून उतरवली. घड्याळ काढलं तर भिंतीवर गोल पांढरा डाग राहिला. तिथं काहीतरी होतं हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी चुलीची काजळी फडक्यावर घेतली आणि तो डाग चोळला. पहिल्यांदा जास्त काळा झाला. मग राख मिसळून चोळला. बाजूच्या भिंतीशी रंग जुळेपर्यंत चोळत राहिलो. स्क्रूची चार भोकंही बुजवली. काम चोख झालं. मी काम चोखच करतो.

सुमन शाळेतून आली, दारात थांबली आणि म्हणाली, "बाबा, आपल्यात चोरी झाली व्हय?"

मी म्हणालो, "न्हाई. रंग द्यायचाय."

तिनं माझ्या काळ्या हातांकडे बघितलं. ती खोटं पकडण्याइतकी मोठी झाली होती आणि ते तोंडावर म्हणायला अजून लहान होती. नोकरी गेली तेव्हा मी घाबरलो नव्हतो. त्या दुपारी घाबरलो. ही मुलगी उद्यापासून माझ्याकडे कशी बघेल, याची भीती.

बायको माझं काही ऐकत नव्हती. निरोप आला त्याच दिवशी तिनं साडेसहा रुपयांचा खण आणून ठेवला होता, डाळिंबी रंगाचा. मी म्हणालो, "साहेब नको म्हणलेत."

"पानी नको म्हणलेत. ओटी नको म्हणले न्हाईत."

"अगं, त्यांना कळणार बी न्हाई ते काय असतंय."

"तिला न्हाई कळलं तर न्हाई कळलं. मला कळतंय न्हवं? दीड वरीस पोरीला मावशी म्हणाय लावलंय. भण दारातनं मोकळी लावून देऊ? मी न्हाय ऐकत."

दुसऱ्या दिवशी ती माणसं आली. बाई साठीची असेल. दार बुटकं, तर वाकून आत आली. खुर्ची ठेवायची नाही असं सांगितलेलं होतं, म्हणून ती चटईवर बसली. तिला बसायला त्रास झाला, पण ती बसली. सुमनला तिनं जवळ घेतलं. आपल्या पिशवीतून एक गठ्ठा काढला. फितीनं बांधलेला. सुमनची सगळी पत्रं. अठरा. मला मोजल्याशिवाय राहवलं नाही.

मग तिचं लक्ष सुमनच्या पायांकडे गेलं. अनवाणी, धुळीचे. तिनं त्या पायांवर हात ठेवला आणि तिचे डोळे भरले. तिच्या नवऱ्यानं फोटो काढला. त्या पायांच्या चपला शेजारच्या घरात होत्या.

बाई खोटी नव्हती. हे मला लिहिलंच पाहिजे. त्या खोलीत खोटं होतं ते आमचं होतं. भिंतीवर होतं आणि जमिनीवर होतं.

मग बायको ताट घेऊन पुढे झाली. कपाळाला लावायला कुंकू घेतलं. बाईच्या अंगात झगा, पदर नाही, ओटी कशात भरायची म्हणून ती क्षणभर थांबली. तेवढ्यात सेक्रेटरींचा हात आडवा आला. पुढचं मी सांगितलंच आहे.

त्यांचं इंग्रजी मला सगळं कळलं नाही. दोन शब्द कळले, कारण ते कारखान्यात रोज कानावर पडतात. एक 'सेल'. दुसरा 'टेन रुपीज'. ही बाई तुम्हाला हे विकायला आली आहे, दहा रुपये द्या. साडेसहा रुपयांचा खण आणि सव्वा रुपयाचा नारळ. सेक्रेटरींनी आमचा फायदाच करून दिला होता.

का केलं त्यांनी तसं? मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, ज्याला द्यायचं तोच आपल्याला देतोय हे त्यांना बघवलं नसतं. विकणारा गरीब त्यांच्या हिशेबात बसत होता. देणारा बसत नव्हता.

बाईंनी खण गालाला लावला. खूष होऊन नवऱ्याला दाखवला. सेक्रेटरींनी ड्रायव्हरला खूण केली, "नारळ पण घे रे. पैसे दिलेत."

खिळ्यांचा डबा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. 'नो' मला येत होतं. 'गिफ्ट' मला येत होतं. वाचताही येत होतं. डबा उचलून त्या शब्दावर बोट ठेवलं असतं तर बाईला कळलं असतं, इतकी ती शहाणी होती. माझा हात उचलला गेला, पण नोटेकडे. चाळीस रुपये महिना. तेवढ्यासाठी.

गाडी गेली. बायकोनं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "ओटीचं तांदूळ हायत. आता कशात घालू?" मग उठली आणि बाहेर चिमण्यांना टाकून आली. त्या दिवशी ती मला काही लागेल असं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी ऑफिसातून कागद आला. भेटीबद्दल आभाराचं पत्र लिहून द्या. सुमन बसली. 'प्रिय मावशी' लिहिलं आणि थांबली.

"बाबा, काय लिवू?"

"लिव्ह. तुमी आलासा, बरं वाटलं."

तिनं लिहिलं. मग विचारलं, "मावशीनं खण इकत घेटला, असं लिवू?"

मी तिच्या कागदाकडे बघितलं.

"आन् तुमी थँक्यू म्हणलासा, ते बी लिवू?"

तिनं टोमणा मारला नव्हता. टोमणा कळायचं तिचं वय नव्हतं. जे घडलं ते लिहायचं, एवढंच तिला माहीत होतं. दीड वर्षं तिनं तेच केलं होतं. मी मात्र त्या पोरीला पहिल्यांदा खोटं लिहायला सांगणार होतो आणि ती माझं ऐकणार होती. ऐकलं असतंच तिनं.

मी कागद तिच्या पुढ्यातून काढून घेतला. "थांब," म्हणालो. "आधी मी बोलून येतो. मग लिव्ह."

तीन मार्च, पहिला रविवार. संस्थेचा व्हरांडा. चाळीस मुलं, त्यांचे आईबाप, सगळे फरशीवर. समोर टेबल, टेबलामागे सेक्रेटरी आणि दोन विश्वस्त. नाव पुकारलं की मुलानं पुढं जायचं, सेक्रेटरींच्या पाया पडायचं, पाकीट घ्यायचं. ही रीत पहिल्यापासूनची. पैसे बाईचे, पाया पडायचं सेक्रेटरींच्या. दीड वर्ष मी हे बघितलं होतं आणि यात काही चुकतंय असं मला वाटलं नव्हतं.

सुमनचं नाव आलं. मी तिचा हात धरून पुढं गेलो.

"पाया पडू नको," मी म्हणालो. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "साहेब, आमचं नाव खोडा."

"का? कमी पडतंय का?" विश्वस्त हसले.

"मला मे महिन्यापास्नं काम हाय. तुमास्नी ठावं हाय. जुलैपास्नं आठ महिने मी हे गरज नसताना घेटलं. तीनशे वीस रुपये. ते मी परत देणार. आन् हे दहा, आमच्या ओटीच्या ताटातले." मी नोट टेबलावर ठेवली. "ओटी इकायची नसती, साहेब. त्या बाईंना तसं कळवा."

सेक्रेटरींनी नोटेला हात लावला नाही. म्हणाले, "इथं पैसे परत घ्यायची पद्धत नाही. पावतीपुस्तकात तसा रकानाच नाही." मग विश्वस्तांकडे वळून, "सुताराला दानशूर व्हायची हौस आलीय."

"दान न्हाई. चूक झाली माझी, ती दुरुस्त करतोय. आन् तुमची तुमी करा. बाईंना लिवा."

"मी काय लिहायचं ते तू सांगणार?" त्यांचा 'तुम्ही' गेला. त्यांनी सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "बघा. असल्या शहाण्यांमुळं उद्या तुमची सगळ्यांची मदत बंद होईल."

लोकांत कुजबुज सुरू झाली. माझ्या बाजूनं नव्हती. तेवढ्यात मागून हलिमाबी उठल्या. पिंजाऱ्याची विधवा. आमच्याच पेठेत गाद्या भरायच्या. त्यांची थोरली मुलगी यादीत होती.

"भाऊ, तुझं पोट भरलंय म्हणून तू बोलतोयस. आमचं पोट हाय अजून. आमचं नाव खोडायला लावू नगंस."

मी म्हणालो, "भाभी, मी माझंच म्हणतोय."

"आठ महिने म्हणलास न्हवं? जुलैपास्नं?"

"व्हय."

"जुलैत मी धाकटीचं नाव लिवायला आलतो हितं. जागा न्हाई म्हणले. तिला साळंतनं काढली. आता माझ्यासंगं कापूस पिंजत बसती." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ती जागा तुझ्याखाली हुती व्हय?"

कोणी हसलं नाही. सेक्रेटरीही नाही.

मी तिथं एक लाज टाकायला गेलो होतो. दुसरी घेऊन परत आलो. माझा अपमान झाला म्हणून मी तीन आठवडे जळत होतो, आणि त्याआधी आठ महिने एका पोरीची शाळा माझ्या बुडाखाली दाबून बसलो होतो. मला ती दिसलीही नव्हती. व्हरांड्यात दर पहिल्या रविवारी ती आईच्या मांडीला टेकून बसलेली असायची.

नोट टेबलावरच राहिली. मी पावती मागितली. मिळाली नाही. सुमनला घेऊन बाहेर पडलो. रस्त्यात ती म्हणाली, "बाबा, मी आता खरं लिवू?"

"लिव्ह."

तिनं लिहिलं. तो खण इकत दिला नव्हता, ती तुमची ओटी होती. घरात घड्याळ आहे, ते काढून ठेवलं होतं. मला चपला आहेत. ऑफिसनं ते पत्र घेतलं नाही आणि पत्ता दिला नाही. ते पत्र आजही माझ्याकडे आहे. त्याच खिळ्यांच्या डब्यात. बाईला ते कळलं नाही आणि आता कळायचंही नाही. तिच्या घरी तो खण असेल, आणि तो दहा रुपयांना घेतला असं ती पाहुण्यांना सांगत असेल.

रेडिओ विकला. एकशे चाळीस आले. भिशी वेळेआधी उचलली, एकशे ऐंशी. एकवीस एप्रिलला हलिमाबींच्या दारात गेलो. त्या गादी भरत बसल्या होत्या, केसांत कापूस. धाकटी शेजारी गाठी सोडवत होती. मी पैसे पुढे केले.

त्यांनी हात पुढं केला नाही. "उपकार करतोयस व्हय?"

"न्हाई. हे तुमच्या पोरीचं हाय. माझ्याकडं राहिलं हुतं."

मग त्यांनी घेतले. माझ्यासमोर मोजले. पुन्हा एकदा मोजले. मला ते बरं वाटलं. त्यांनी मला बसायला जुनं पोतं दिलं आणि तांब्याभर पाणी आणलं. मी सगळं प्यालो. ज्या हातानं आपल्याकडून घेतलं त्याच हातचं पाणी. माझ्या घरी आलेल्या बाईला हेच मिळू दिलं नव्हतं.

मी उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पैसं बरोबर हायत. पोरीचं वरीस गेलं. ते कंच्या नोटंत हाय?"

मी रिकामा तांब्या दाराशी ठेवला आणि निघालो.

घरी गेलो आणि भिंतीवरची काजळी धुवायला घेतली. ती पुरती निघाली नाही. घड्याळाच्या जागी आजही काळपट गोल आहे. दोनदा चुना मारायची वेळ आली, दोन्ही वेळा मी तेवढी जागा सोडायला सांगितली. त्या दिवसापासून माझ्या घरात कुणी यायचं म्हणून काही लपवलेलं नाही. ज्याला आमच्याकडचं पाणी चालत नाही, त्याचं काही आम्हाला चालत नाही. आणि कुठलीही मदत, शिधा, जागा पुढं आली की मी आधी विचारतो, ही कुणाच्या खालची काढून मला देताय? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय हात पुढं करत नाही. देणाऱ्याला राग येतो. येऊ दे.

दहा रुपये सेक्रेटरींच्या टेबलावर दिले. पावती नाही. तीनशे वीस रुपये हलिमाबींना दिले, त्यांच्या दारात, रोख. त्यांनी ते दोनदा मोजून घेतले.